पहिल्या दिवसाचं मरण

थोरली सिनेमात मरायची. नायिका गायची, नायक मारामाऱ्या करायचा, खलनायक हसायचा आणि थोरली मरायची. ज्याचं त्याचं काम वाटून दिलेलं होतं. ती विहिरीत पडून मेली, लिफ्टमध्ये अडकून मेली, झुंबराखाली मेली, मधमाश्यांनी मेली. एकदा चौकातला पुतळा अंगावर कोसळून मेली, आणि तो पुतळा कथेत तिच्याच नवऱ्याचा होता. टीव्हीवर माणसं वर्षानुवर्षं जगतात असं ऐकून ती मालिकेत गेली, तर तिथे पहिल्याच महिन्यात मेली. लोक हळहळले म्हणून तिची जुळी बहीण आणली. तीही गेली. शेवटी भिंतीवर तिचा फोटो लावला आणि घरातल्या सुना त्या फोटोला आपली गाऱ्हाणी सांगू लागल्या, तेव्हा थोरलीला वाटलं, चला, भिंतीवर का होईना, टिकलो. पुढे कथेत भूकंप झाला, फोटो खिळ्यावरून निसटला आणि फुटला. फोटो असूनही मरता येतं हे तिच्याआधी कुणी करून दाखवलं नव्हतं.

घरात तिघीजणी. ही थोरली, तिची कामं आणि तारखा सांभाळणारी धाकटी, आणि ऐंशी उलटलेली आई. लग्न दोघी बहिणींनीही केलं नाही. थोरलीला मरणातून सवड मिळाली नाही आणि धाकटीला थोरलीतून.

अख्ख्या जगाने थोरलीला मरताना पाहिलं होतं. आईने मात्र पाहिलं नव्हतं. म्हणजे एकदा पाहिलं होतं, आणि तेच नडलं. पहिला सिनेमा लागला तेव्हा आई नवी चप्पल घालून थिएटरात गेली. मध्यंतराच्या जरा आधी थोरली विहिरीत पडली. पडद्यावरचे सगळे काठाशी उभे राहून रडू लागले, तशी आई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "अरे रडताय काय, दोर टाका कुणीतरी." सगळं थिएटर हसलं. आई तशीच बाहेर पडली, घरी आली आणि दारात बसून राहिली. संध्याकाळी थोरली कामावरून परतली, तेव्हा आईने आधी तिच्या केसांवरून हात फिरवून ते ओले आहेत का ते पाहिलं आणि मग निकाल दिला.

"पोटच्या पोरीला मरताना बघायला मी तिकीट काढून जाऊ? जगलीस की बोलाव. तोवर माझं नाव काढू नकोस."

थोरलीने हसण्यावारी नेलं. पण नंतरच्या वर्षांत बक्षिसं आली, मुलाखती झाल्या, रस्त्यावर अनोळखी बायका हात धरून "तुमचं ते लिफ्टमधलं काय सुंदर होतं हो" असं म्हणू लागल्या, आणि दर वेळी घरी येऊन सांगायला गेलं की आई विचारायची, "मेलीस ना पण?" थोरली मान हलवायची. आई भांडी विसळायला घ्यायची. हळूहळू थोरलीच्या मनात एवढी एकच गोष्ट अडकून बसली, की आईने आपलं काम एकदा शेवटपर्यंत बसून बघावं. वाढतं वय आईचं होतं, घाई थोरलीला होती.

आता त्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. स्वस्तातल्या सिनेमाचा काही नेम नसतो. कॅमेरा भाड्याचा, तो मध्येच परत जातो. नायक रुसतो, लेखक पळतो. म्हणून शहाण्या निर्मात्यांनी नियम केला होता: थोरली आली की पहिल्या दिवशी, पहिल्या शॉटला तिचं मरण उरकून घ्यायचं. मरण एकदा हातात असलं की झोप लागते. पुढे कथा कुठेही अडू दे, ते मरण तिथे चिकटवायचं. सगळे रडतात, गुंता आपोआप सुटतो. थोरलीचं मरण बटाट्यासारखं होतं, कशातही चालायचं. त्यामुळे तिचा दिवस असा जायचा, की सकाळी मरायचं, सुट्टीत डबा खायचा आणि दुपारी स्वतःच्या लग्नाला उभं राहायचं.

युनिटही या रीतीत मुरलेलं. लाइटवाला मरणाला नेहमी एक निळसर कागद दिव्यावर चढवायचा. कॅमेरामन रुळांवरून कॅमेरा असा हळू पुढे आणायचा, जसं कुणी झोपलेल्या पोराजवळ जावं. मेकअपवाल्या दादाच्या खिशात साखरेच्या पाकात रंग कालवलेल्या रक्ताची बाटली कायम. बसमध्ये ती एकदा फुटली तेव्हा त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं, आणि त्यानेही बोलणं लांबेल म्हणून नेऊ दिलं होतं.

यातले बरेच सिनेमे आले तसे पडले. पण पडलेल्या सिनेमाला कधी कधी दुसऱ्या पिढीत पाय फुटतात. कॉलेजातल्या पोरापोरींनी ते शोधून काढले आणि एक मंडळ स्थापलं. गावातल्या जुन्या थिएटरात शनिवारी दुपारी थोरलीचा एक सिनेमा लागायचा. लिफ्टमधल्या मरणात तिच्या अंगात होता तसला पिवळा रेनकोट घालून मंडळ यायचं, बाहेर कडक ऊन असलं तरी. पडद्यावर थोरली मेली की सगळं थिएटर खुर्च्यांवरून खाली जमिनीवर पडायचं. त्यातही शिस्त होती: ती पडद्यावर आहे तोवर उठायचं नाही. पुढचा सीन सुरू झाला, ती त्यात नाही असं दिसलं, की उठून धूळ झटकायची. पडायला सोपं जावं म्हणून थिएटरच्या मालकाने पुढच्या रांगांतल्या खुर्च्यांचे हातसुद्धा काढून टाकले.

थोरलीला एकदा त्यांनी मानाने बोलावलं. वरची मेली, खालचे सगळे पडले, आणि भरल्या थिएटरात उभी राहिली ती एकटी. टाळी वाजवायलाही कुणी शिल्लक नव्हतं. घरी आल्यावर धाकटीने कसं झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "प्रेम फार आहे गं. पण असं वाटलं, की मीच सगळ्यांना मारून आले."

याच मंडळातला एक पोरगा पुढे दिग्दर्शक झाला आणि एका सकाळी कथा घेऊन घरी आला. सिनेमा एका बाईचा होता. तिचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान. तीनशे पासष्ट दिवस शटर उघडायचं, यंत्रं दुरुस्त करायची, गिऱ्हाइकांशी वाद घालायचा, शटर ओढायचं. थोरलीने सवयीने विचारलं, मी कितव्या पानावर जाते? पोरगा म्हणाला, कुठेच नाही, म्हणून तर लिहिलंय.

आत मटार सोलत बसलेल्या आईचे हात थांबले. ती बाहेर आली.

"शेवटी काय होतं हिचं?"

"काही नाही आजी. दुकान बंद करून घरी जाते."

"पोचते?"

"पोचते."

"रस्त्यात गाडीबिडी?"

"नाही आजी. चालत जाते."

आईने पोराकडे नीट पाहून घेतलं. "मग मी येईन," ती म्हणाली आणि आत गेली. मटार सोलल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोरलीने त्या दिवशी दोनदा देवाचे आभार मानले आणि धाकटीने एकदा, तेही हातचं राखून. तिचा अनुभव दांडगा होता.

पैसे घालायला जो निर्माता मिळाला त्याला सगळे मामा म्हणत. थोरलीची निम्मी मरणं त्याच्याच पदरची. मामा कथा वाचत नसे. आपण कथा वाचली तर लेखक कशाला ठेवलाय, असं त्याचं म्हणणं. युनिट त्याने जुनंच दिलं.

पहिल्या दिवशीचा पहिला शॉट साधा होता. बाई दुकानापाशी येते आणि शटर उघडते. बस्स. थोरली आली, कुलूप काढलं, वाकून शटर अर्ध्यापर्यंत वर नेलं. आता पुढे जे झालं त्यात कुणाचा एकट्याचा दोष काढता येत नाही. पहिला दिवस, पहिला शॉट, समोर थोरली, म्हणून लाइटवाल्याने निळा कागद चढवला. निळा कागद चढलेला पाहून कॅमेरामनने रुळांवरून कॅमेरा हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. कॅमेरा येतोय हे पाहून मेकअपवाला दादा रांगत गेला आणि चौकटीच्या बाहेरून तिच्या तळहातात बाटलीतलं थोडं ओतून आला. आणि थोरली? तिने मान वळवली तो उजेड निळा, कॅमेरा अंगावर येतोय, हातात काहीतरी कोमट. तिचं शरीर मालकिणीला न विचारता कामाला लागलं. हात छातीशी गेला, पाठ शटरला टेकली, आणि शटरच्या पत्र्यावरून घसरत, खडखड वाजवत, ती पायरीवर आली. एकदा रस्त्याकडे पाहिलं, कुणी ओळखीचं दिसल्यासारखं. मग दिसेनासं झालं.

"कट" म्हणायचं काम दिग्दर्शकाचं. पण तो मंडळातला पोरगा होता. तो केव्हाच खुर्चीवरून खाली पडला होता.

सगळे भानावर आले तेव्हा फार उशीर झाला होता. दादा बाटलीचं बूच शोधत होता. लाइटवाला म्हणाला, मला वाटलं बदललं असेल. कॅमेरामन म्हणाला, मला वाटलं याला माहीत असेल. थोरली पायरीवर बसून हात पुसत होती. ती कुणावर रागावली नाही. रागावणार कुणावर, मेली तर ती स्वतःच होती.

शॉट पुन्हा घेतला. शटर पुन्हा उघडलं, या वेळी मात्र दिवा पिवळाच ठेवला आणि दादाला बाहेर बसवलं. राहिलेला सिनेमा गुण्यागोविंदाने पूर्ण झाला. थोरली पोटभर जगली. तेलाने हात बरबटवले, सुया मोडल्या, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून सांगितलं आणि उद्या खरोखर हजर राहिली. शेवटच्या दिवशी शटर ओढून ती चालत घरी गेली, तेव्हा लाइटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिची पाठ त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

पण मामाकडे पहिल्या दिवसाचं ते मरण पोचलं. त्याने ते पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि निरोप धाडला: हे शेवटी बसवा. ती घरी निघाली, शटरला कुलूप लावताना गेली. एकदम झकास.

दिग्दर्शक पोरगा दोन दिवस जेवला नाही, त्याचा मामावर काही परिणाम झाला नाही. मग थोरली स्वतः मामाच्या ऑफिसात गेली. टेबलावर काच, काचेखाली जुन्या सिनेमांच्या जाहिराती, आणि प्रत्येकीत थोरली आडवी. मामाने चहा मागवला. तो तिचा मान ठेवायचा, फक्त जगू द्यायचा नाही.

तिने आईचं सांगितलं. ऐकून मामाला खरंच वाईट वाटलं, त्यालाही आई होती. तो म्हणाला, आईला मी घरी वेगळा सिनेमा दाखवतो, मरण काढून. थोरली म्हणाली, आई फसत नाही, ती थिएटरातच येणार, लोकांबरोबर बघणार. एकदा सगळे तिला हसले होते.

"बाई," मामा म्हणाला, "लोक तुमच्या मरणाचं तिकीट काढतात. जगणाऱ्या बायका त्यांच्या घरीच आहेत."

थोरलीने चहा संपवला. काचेखाली ती विहिरीतून, लिफ्टमधून, मधमाश्यांतून स्वतःकडेच बघत होती. मामाने तिला पहिल्या दिवशी मरायची ही रीत समजावली होती ते याच खोलीत, आणि तेव्हाचे त्याचे शब्द तिला आठवले.

"मामा, मरण कुठेही बसतं म्हणायचात ना तुम्ही?"

"बसतंच. म्हणून तर आधी घेतो."

"मग ते पहिल्यांदा बसवा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"सिनेमा सुरू झाला की. शटर अर्धं उघडलं, मी मेले. तुमचं मरण वाया जात नाही, पोस्टरवर टाकायला मिळतं, मंडळाला पडायला मिळतं. त्यापुढे आहे तसा सिनेमा."

मामा विचारात पडला. "पण मेलेली बाई नंतर दुकान कशी चालवेल?"

"ते लोक बघतील की. पुतळ्याखाली मेल्यावर मी गाण्यात कशी आले होते, ते विचारलं होतं कुणी?"

ते मात्र खरं होतं. त्या सिनेमात फिल्मच्या रिळांचा क्रम चुकला होता आणि कुणीही ब्र काढला नव्हता. मामाचा मुख्य आक्षेप मरण फुकट जाण्याला होता, तो मिटला. ठरलं.

राहिला प्रश्न आईचा. पहिल्याच मिनिटाला लेक मेलेली पाहिली तर आई दुसऱ्या मिनिटाला घरी असती. तेव्हा धाकटीने योजना केली. तिने आईला थिएटरच्या बाहेर अडवून धरायचं, चप्पल, पाणी, बाथरूम, काहीही काढायचं, मरण उरकलं की आत आणायचं. आई तशी कुठेही उशिराच पोचायची. योजनेत खोट नव्हती.

पहिला खेळ त्याच जुन्या थिएटरात होता. थोरली पडद्याच्या बाजूच्या दारामागे उभी राहिली, तिथून रांगा दिसत. दिवे मालवायला आले आणि तिने पाहिलं, की मधल्या रांगेच्या बरोबर मध्यभागी आई बसलेली आहे. नवी चप्पल, मांडीवर पिशवी. उशीर व्हावा म्हणून धाकटी आईचा चष्मा घेऊन बाथरूमकडे गेली, तेवढ्यात पिवळ्या रेनकोटांनी आईला ओळखलं होतं. थोरलीची आई म्हटल्यावर त्यांनी तिला हाताला धरून, वाट करून, मानाच्या जागी नेऊन बसवलं होतं. चष्मासुद्धा मागून पोचता केला होता. धाकटी दारात उभी राहून थोरलीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हातचं राखलेलं सगळं दिसत होतं.

सिनेमा सुरू झाला. शटर अर्धं उघडलं. उजेड निळा झाला. थोरली पडद्यावर खडखड घसरत पायरीवर आली, आणि सगळं थिएटर धाडकन जमिनीवर पडलं.

बसून राहिली एकटी आई.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. माणसंच माणसं पसरलेली. मग ती उठली, पिशवी काखेत मारली आणि रांगेतून बाहेर पडायला निघाली. पण जायचं कुठून? पायापायांत रेनकोट. "बाजूला व्हा रे," ती म्हणाली. कुणी हललं नाही. मेलेल्या माणसाने बाजूला व्हायचं नसतं, हे मंडळाचं तत्त्व. तिने चपलेने एकाला ढोसलं. तो तिच्याकडे फार आदराने बघत राहिला, पण उठला नाही.

तेवढ्यात पुढचा सीन सुरू झाला. दुकान. टेबल. टेबलामागे थोरली, हातात पेचकस.

मंडळ उठायच्या बेतात होतं ते थबकलं. नियम स्पष्ट होता: ती पडद्यावर आहे तोवर उठायचं नाही. आणि ती पडद्यावर होती. मयत स्वतः पुढच्या सीनमध्ये येऊन यंत्राला तेल घालत होती. अशी वेळ येईल असं मंडळाच्या घटनेत कुणी धरलंच नव्हतं. अर्धे उठलेले पुन्हा पडले. थोरली प्रत्येक सीनमध्ये होती, तेव्हा माना वाकड्या करून, एकमेकांच्या पोटावर डोकी ठेवून, मंडळाने तो सबंध सिनेमा जमिनीवरून पाहिला.

आणि आईला जायला वाट मिळाली नाही. ती उभी राहिली. पडद्यावर थोरली एका गिऱ्हाइकाला म्हणत होती, "यंत्र बिघडलेलं नाही, तुम्ही घाई करता." आई खाली बसली. पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

थोरली दारामागून पडद्याकडे बघतच नव्हती. अंधारात आईचे पांढरे केस आणि चष्म्याच्या काचांवर हलणारा उजेड, एवढंच तिला दिसत होतं. मध्यंतरात दिवे लागले. कुणी उठलं नाही, आईसुद्धा नाही. शेवटी पडद्यावरच्या बाईने शटर ओढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि ती रस्त्याने चालत गेली. वळणावर एक गाडी आली तेव्हा आईने पिशवी घट्ट धरली. गाडी गेली. बाई घरी पोचली, दार लागलं. तेव्हा कुठे मंडळ उठलं, आणि या वेळी टाळ्या वाजवायला सगळेच शिल्लक होते.

थोरली रांगेपाशी आली. तिला वाटलं होतं, आई एक तर रडेल नाहीतर बोलणं टाकेल. आई चष्मा पुसत होती.

"मेलीस की गं सुरुवातीलाच."

"हो आई. ते जरा..."

"त्या पोराला म्हणावं, तूच शहाणा. विहिरीत पडलीस त्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलीस, जेवलीस, माझ्याशी भांडलीस. ते त्या लोकांनी घेतलंच नव्हतं. इतकी वर्षं अर्धाच सिनेमा दाखवत होते." तिने चष्मा लावला. "बाकीच्या सिनेमांचंही पुढचं घेतलंय का कुठे?"

पुढे वर्तमानपत्रांत मृत्यूने सुरू होणाऱ्या सिनेमावर बरंच खोल लिहून आलं, आणि मामाने ही कल्पना आपल्याला आंघोळ करताना सुचली असं सांगितलं. आईला त्याचं काही नव्हतं. तिने राहिलेले सिनेमे बघायला काढले, मात्र एका अटीवर. त्या अटीमुळे थोरलीला आता दर शनिवारी दुपारी थिएटरच्या बाजूच्या दारामागे, खांद्याला पिशवी अडकवून उभं राहावं लागतं. पडद्यावर ती मेली, मंडळ पडलं, की मालक सिनेमा थांबवतो. थोरली दार ढकलून आत येते आणि म्हणते, "आले गं आई." मग मंडळ उठतं. नियमात तशी दुरुस्ती झाली आहे.

गेल्या शनिवारी विहिरीचा सिनेमा होता. ती पडली, काठावरचे रडू लागले. आई तेव्हाच्यासारखी उठून उभी राहिली, पण दोर कुणाकडे मागितला नाही. बाजूच्या दाराकडे बघत राहिली. थोरली आत आली, जमिनीवरच्या रेनकोटांतून वाट काढत रांगेपर्यंत पोचली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"पुसून आलीस होय," ती म्हणाली. "बस."